उजवा खांदा किंचित खाली

कुरिअरवाला येऊन गेला की बायको पार्सल माझ्या हातात देत म्हणते, "घ्या, आला तुमचा पाव्हना." पाव्हणा म्हणजे कुणीतरी वापरलेला कोट. गेली तीन वर्षं मी मोबाईलवरच्या लिलावात जुने कोट घेतो. सोनईसारख्या गावात मराठी शिकवणाऱ्या मास्तरला इतके कोट कशाला लागतात, हे तिनं अनेकदा विचारलं. चांगलं कापड स्वस्तात मिळतं, असं मी सांगतो. तिला ते पटत नाही, आणि खरं तर मलाही पटत नव्हतं.

खरं कारण माझा उजवा खांदा. तो डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आहे. आम्ही पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की आई-वडील ऊस तोडायला राहुरीच्या बाजूला यायचे, आणि चौदाव्या वर्षापासून मीही. बाया मोळी डोक्यावर न्यायच्या. माझी मान दुखायची म्हणून मी ती खांद्यावर टाकायचो, नेहमी उजव्याच. फळीवरून ट्रकात चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं. शिक्षण संपेपर्यंत सात-आठ हंगाम असेच गेले. पुढं ऊस सुटला, खांदा तसाच राहिला.

शर्टात ते फारसं दिसत नाही, कोटात दिसतं. नोकरी लागल्यावर पहिला कोट शिवायला नगरला गेलो, तर शिंप्यानं चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "खांद्याला काय झालं हो सर? पडला होता का?" मी म्हणालो, "हो, पडलो होतो." त्यानं उजव्या खांद्यात दुप्पट भर घातली. त्या कोटात मी सरळ दिसायचो, पण दुसऱ्याचा खांदा उसना आणल्यासारखं वाटायचं. पुन्हा काही मी कुणाच्या टेपसमोर उभा राहिलो नाही. फोटोग्राफर मात्र चुकवता येत नाही. शाळेचा कुठलाही कार्यक्रम असो, "सर, उजवा खांदा जरा वर घ्या" हे ठरलेलं. मी श्वास रोखून खांदा उचलतो आणि फोटो झाला की सोडतो.

लिलावात माप कुणी घेत नाही, म्हणून मी तिकडं वळलो. सहा कोट आले. सगळे एका बाजूनं चढायचे, बटण लावलं की तिरके ओढायचे. मी ते कपाटात टांगायचो आणि पुढच्यावर बोली लावायचो.

अशात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिनंच पसंत केला होता, पुण्यात तिच्याच ऑफिसातला. घर राहुरीजवळच्या देवळाली प्रवऱ्याचं, उसाच्या बागायतीचं. त्याच शिवारात आम्ही पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहिलो होतो. व्याही मला आदरानं 'सर' म्हणायचे. मी पाथर्डीकडचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. साखरपुड्यात त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं, आणि ज्याच्या घरचा ऊस पिढ्यान्‌पिढ्या मोळ्यांनी वाहिला गेला, तो माणूस माझा खांदा बघताक्षणी ओळखेल अशी मला भीती होती. मला लाज वाटत होती. आई-वडिलांची नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. पण मग दुसरी कशाची होती?

साखरपुड्याला तीन आठवडे असताना तो कोट दिसला. काळसर निळा, लोकरी, कुणीतरी मन लावून शिवलेला. प्रत्येक कपड्याखाली विकणाऱ्यानं दोष लिहायचे असतात: बटण सैल, अस्तर उसवलेलं, वगैरे. इथं लिहिलं होतं, 'उजवा खांदा किंचित खाली शिवलेला आहे.' मी ते तीनदा वाचलं.

लिलाव रविवारी चारला संपणार होता. आमच्याकडं कांद्याच्या लिलावात निदान कोण कुणावर चढतंय ते दिसतं, ऐकू येतं. इथं सगळं गपचूप. मी गच्चीत रेंजला जाऊन बसलो. चारला पाच मिनिटं असताना धीर सुटला आणि मी रक्कम वाढवली. पुन्हा वाढवली. संपल्यावर कळलं, त्या कोटावर माझ्याशिवाय कुणीच बोली लावली नव्हती. मी माझ्यावरच चढत होतो. बायको हसून हसून खाली बसली.

कोट आला. घातला. आयुष्यात पहिल्यांदा बटण लावल्यावर काही ओढलं नाही. दोन्ही खांदे नीट बसले होते. आणि आरशात खांदा स्पष्ट खाली दिसत होता. हा कोट काही लपवतच नव्हता!

मी तो गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडं नेला. म्हटलं, उजवीकडं भर घालून द्या. त्यांनी अस्तर चाचपलं. "घालीन की. पन शिवनारानं मुद्दाम भर घातली न्हाई. कापच खाली घेतलाय. आता घातली तर झोल पडंल." मी कोट परत घेऊन आलो.

विकणाऱ्याला संदेश पाठवला, कोट कुणाचा होता? उत्तर आलं: 'वडिलांचा. गेल्या वर्षी गेले. व्यापारात नाव काढलं, पण तरुणपणी मार्केट यार्डात पोती वाहायचे. शिंपी दर वेळी भर घालू का विचारायचा, ते नको म्हणायचे.'

बायकोला वाचून दाखवलं. मेलेल्या माणसाचे कपडे हा तिच्या भीतीचा विषय. मला वाटलं, आता हा कोट घराबाहेर जाणार. पण ती कोट उन्हात टाकून आली आणि म्हणाली, "पोती वाहिलेला मानूस हुता. घाला तुमी."

तरी साखरपुड्याच्या सकाळी मी दोन्ही कोट पलंगावर मांडले होते, हा आणि नगरचा भरवाला. शेवटी हा घातला. घातला म्हणजे धीर आला, असं मात्र झालं नाही. कार्यालयात दोन तास मी व्याह्यांच्या डाव्या बाजूला जात नव्हतो. तिकडून माझा उजवा खांदा अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर आला असता.

मग फोटोला बोलावलं. मुलगी आणि जावई मध्ये बसले. मला नेमकं व्याह्यांच्या डावीकडं उभं केलं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, उजवा खांदा जरा वर घ्या."

सवयीनं श्वास रोखला. खांदा उचलला. कोट लगेच मानेपाशी गोळा झाला. मी खांदा सोडून दिला.

"न्हाई येत तो वर," मी म्हणालो. इतकी वर्षं वर्गात जपलेली भाषा कुठल्या कुठं गेली. "मोळ्या वाहून उतरलाय. हितंच, देवळालीच्या फडात."

मुलीनं वळून बघितलं. व्याह्यांनी माझ्या खांद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कॅनॉलच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं."

त्यांनी हळूच मान हलवली. पलीकडं त्यांचंच रान आहे, हे मला ठाऊक होतं. ते थोडे माझ्याकडं सरकले आणि फोटोग्राफरला म्हणाले, "काढ रे. सर हायेत तसा काढ."

तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. त्यात माझा उजवा खांदा खाली आहे आणि कोटाला कुठंही झोल नाही.