पाय न उचलणाऱ्या बाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर माझ्या तोंडी आधी सुमतीबाईंचे नाव येते. माझ्या वडिलांना याचे कधी वाईट वाटले नाही. ते म्हणायचे, "आम्ही जल्म दिला, पर तुला मान्सात बसवलं ते बाईनं."

बाई चालताना पाय उचलत नसत. गुडघाभर पाण्यातून जावे तशी पावले फरशीवरून सरकवत जात. नवख्या माणसाला वाटे, संधिवात असेल. तसे काही नव्हते. ही चाल त्यांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दोन महिने सराव करून, एका मांजराच्या पिल्लासाठी शिकून घेतली होती.

निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा बाई शिक्षिका झाल्या. स्वतः शिकल्या होत्या उर्दूतून, त्यामुळे स्वच्छ मराठी बोलता बोलता मधेच "सबर कर", "इंतजाम झाला का" असे शब्द यायचे. मी त्यांना पाहिले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या आणि काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. औरंगपुऱ्यात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. मुलगा वसंतदादा नाशिकला बँकेत होता. मी वैजापूर तालुक्यातून कॉलेजसाठी आलेलो. आमच्या गुरुजींनी मला त्यांच्याकडे नेऊन उभे केले. रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, पत्रे लिहायची, आणि बाहेरच्या लहान खोलीत राहायचे, असे ठरले. जेवण बाईंच्या हातचे.

"नाव काय?"

"कारभारी."

"वाच बरं, कारभारी."

मी वाचले. दोन वाक्ये झाली आणि त्यांनी हात वर केला. "वाक्याचं शेपूट कुठं गेलं? अरे, माणूस सुरुवातीला वाट्टेल ते बोलतो, शेवटी कबूल करतो. तू नेमकं तेच गिळतोस."

पुढे वर्तमानपत्राबरोबर माझी कॉलेजची पुस्तकेही मोठ्याने वाचायची, असा हुकूम निघाला. त्या डोळे मिटून ऐकत आणि मला न कळलेल्या जागी बरोबर थांबवत. "इथं तुझा आवाज जरा पळाला. काय लपवतोस?" आमच्या घराण्यात कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. माझे शिक्षण झाले ते या थांबवण्यामुळे.

बाईंचे घर शहाबादी फरशीचे होते आणि ते त्यांना पावलांनी पाठ होते. दारापासून माठापर्यंत नऊ फरश्या. माठापासून स्टोव्हपर्यंत चार. पलंग, ट्रंक, खुर्ची, प्रत्येक वस्तू वर्षानुवर्षे एकाच फरशीवर. मी चहाची कपबशीही दोन बोटे इकडेतिकडे ठेवत नसे.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शेजारच्या नूरखालांच्या मांजरीने त्यांच्या घरातल्या ट्रंकेमागे पिल्ले घातली. बाईंनी ते ऐकले आणि त्या म्हणाल्या, "एक मला पाहिजे."

मी चपापलो. "बाई, तुम्हाला? पायात आलं तर?"

"ऐक. या घरात मी ठेवलेलं सगळं ठेवल्या जागीच असतं. सकाळी ठेवलं, संध्याकाळी तिथंच. कधी कधी वाटतं, मी पण अशीच कुणीतरी ठेवलेली आहे. घरात एक तरी चीज अशी पाहिजे की ती मी ठेवली तिथं सापडणार नाही."

खाला भिंतीपलीकडून ओरडल्या, "बाई, अब्बीच नक्को मांगो! बच्चे दिए सो दस दिन बी नै हुए. दूध छूटे बगैर मैं किसी को देती नै!"

"दो महिने ठहरती, नूर. मुझे बी तयारी करनी है."

त्या आठवड्यात वसंतदादा आले. आईवर त्यांचा फार जीव होता, आणि म्हणूनच ते आईच्या घराला भीत. पिल्लाचे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "आधीच दिसत नाही, त्यात मांजर! आई, तू नाशिकला चल ना."

"इथं मला भिंतीसुद्धा ओळखतात. तिथं मी नुसती पाहुणी."

बराच वेळ वाद झाला. शेवटी दादा म्हणाले, "ठीक आहे. ठेव मांजर. पण एकदा, फक्त एकदा पडलीस, तर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. बाईंचे कबूल म्हणजे दगडावरची रेघ, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मग तयारी सुरू झाली. ते दोन महिने मला आजही झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. दुपारी गल्ली शांत असायची, कुठेतरी एखादा टांगा खडखडत जायचा, आणि बाई खुर्चीत बसून विचारायच्या, "ऊन आता कुठल्या फरशीवर आहे?"

"खिडकीपासून दुसऱ्या, बाई."

"आणि आता?"

"तिसरीवर आलं."

असे करत करत त्यांनी घरात फिरणारे ऊन पाठ केले. पिल्लू उन्हामागे जाणार, उन्हात निजणार. तेव्हा तीन वाजता ऊन जिथे टेकते, तिथे टोपली ठेवायची. टोपलीत त्यांचे मऊ झालेले जुने लुगडे चार घड्या करून घातले. कोपऱ्यात पत्र्याच्या ताटात वाळू. माठावर जड झाकण. मोरीच्या भोकाला जाळी. सुईदोऱ्याचा डबा कपाटात, कारण खाला म्हणाल्या होत्या की पिल्ले धागा गिळतात. मी हातापायांवर रांगत प्रत्येक कोपरा चाचपून आलो. बाईंनीच तसे सांगितले होते. "उभ्यानं पाहू नकोस. पिल्लाच्या उंचीवरून बघ."

खालांनी घुंगरू सुचवले. "गले में बांध दो, कां है मालूम पडता."

"नको," बाई म्हणाल्या. "कुठं आहे ते सारखं कळत राहिलं, तर माठात आणि तिच्यात फरक काय?"

घुंगरू नाही, म्हणजे पाय बदलायला हवा. आमच्या शेतातले कांदे मी पोत्याने आणले होते. बाईंनी त्यांतलाच एक सरावाला घेतला.

"कांदा ठेव. कुठंही."

"ठेवला, बाई."

"आवाज झाला, कळलं मला. चोरासारखा ठेव."

मग त्या निघत, पावले न उचलता, सरकवत, जणू घरात पाणी भरले आहे आणि त्यांना लाट उठू द्यायची नाही. अंगठ्याला कांदा लागला की थांबायच्या आणि हलकेच म्हणायच्या, "झोपलीस का ग? झोप." एकदा कांद्याला जोरात धक्का बसला आणि तो गडगडत पलंगाखाली गेला. "गेलं बिचारं!" म्हणून त्या खाली बसल्या. त्या दिवशी पुन्हा सराव केला नाही. मला हसू येत होते. नंतर मात्र मीही कांदा हातात घेताना जपून घेऊ लागलो.

पिल्लू यायचे त्या सकाळी माझ्या लक्षात आले की दुधाचे पातेले उघड्यावर राहते. बाईंनी सांगितले नव्हते, पण उत्साहात मीच शिंके टांगायला घेतले. स्टूल आणले, त्यावर चढून आढ्याला दोरी बांधली. तेवढ्यात कॉलेजची वेळ झाली म्हणून मी शर्ट बदलायला माझ्या खोलीत गेलो. स्टूल तिथेच राहिले, दार आणि माठ यांच्या मधोमध.

दारात खालांचा आवाज आला, "बाई, लो तुमारी शबनम!" आणि त्यामागून एक बारीक, दोऱ्यासारखे म्याँव.

मी दाराशी आलो तेव्हा पाहिले, बाई उठून निघाल्या होत्या. आणि त्या पाय उचलत होत्या. दोन महिन्यांचा सराव विसरून, डोळस बाईसारख्या भराभर चालत होत्या. चेहरा असा उजळला होता की मला ओरडायचेही सुचले नाही. त्या स्टुलावर आदळल्या आणि डाव्या हातावर पडल्या.

खालांनी पिल्लू माझ्या हातात दिले आणि बाईंना उठवले. मग स्टूल उचलून भिंतीला लावले. माझ्याकडे पाहिले.

मनगट मोडले होते. प्लास्टर घालून परत आल्यावर बाईंनी मला कागद घ्यायला लावला. "लिही. चिरंजीव वसंतास. मी पडले. मांजरीचा संबंध नाही, ती तेव्हा दाराबाहेर होती. माझा पाय घसरला. कबूल केल्याप्रमाणे तू ये."

माझा हात थांबला. "बाई, पाय घसरला नाही. स्टूल मी..."

"ठाऊक आहे. मीही घाई केली. पण तुझं नाव लिहिलं तर तो तुला उद्याच बाहेर काढील, आणि त्याचंही चूक नाही. मग परीक्षा कुठं बसून देशील?"

"पण तुमचं घर जाईल!"

"घर कुठं जातंय? मी जातेय." मग म्हणाल्या, "खरं म्हणजे काही दूध नाही नासायला. परीक्षेपर्यंत झाकून ठेव."

मी लिहिले. माझ्या हस्ताक्षरातले ते पहिले खोटे.

दादा यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस बाई शबनमबरोबर राहिल्या. शबनम म्हणजे दव, आणि खरोखरच तिच्या पावलांना आवाज नव्हता. बाई खोलीच्या मधोमध जमिनीवर बसून राहत, हात उघडा ठेवून. कधी ती यायची, कधी नाही. "आता कुठं आहे, सांगू नकोस हं," त्या मला बजावत. तासाने एकदम हसत. शबनम प्लास्टरवर येऊन झोपलेली असे. उन्हाच्या टोपलीत मात्र ती एकदाही बसली नाही. त्याचाच बाईंना सर्वांत जास्त आनंद झाला.

दादा आले आणि प्लास्टर पाहून त्यांचे डोळे भरले. "आई, मी म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. मी कुठं नाही म्हणतेय? चल. पण मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं. ती इथंच राहील. आणि तिला दूध घालायला कारभारी राहील, त्याची परीक्षा होईतोवर."

"म्हणजे मांजरासाठी घर चालू ठेवायचं?"

"दोघांसाठी. दोघंही अजून दुधावरच आहेत."

अशा रीतीने ज्याच्यामुळे बाईंचे घर सुटले, त्याच्या डोक्यावर त्यांनी तेच छप्पर ठेवून दिले. मी तिथे पुढचे वर्षभर शिकलो आणि बी.ए.च्या परीक्षेला बसलो. शेवटच्या पेपरच्या दिवशी मी बाईंना पत्र टाकले.

पत्राचे उत्तर आले नाही. बाराव्या दिवशी बाईच आल्या, दादांचा हात धरून, पावले सरकवत. "स्टूल कुठलं?" दादांनी विचारले. मी दाखवले. त्यांनी ते उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवले आणि म्हणाले, "याची जागा इथं." एवढेच.

बाई त्या घरात अखेरपर्यंत राहिल्या आणि तिथेच शांतपणे गेल्या. ट्रंकेत माझे पत्र जपून ठेवलेले होते. दादांनी ते मला परत दिले. ते असे आहे:

*तीर्थस्वरूप बाईंना कारभारीचा साष्टांग नमस्कार.*

*आज शेवटचा पेपर झाला. बरा गेला. शबनम अंगाने भरली आहे. मी वाचायला बसलो की नेमकी त्याच पानावर येऊन बसते.*

*हे पत्र वसंतदादा तुम्हाला वाचून दाखवतील, हे मला माहीत आहे. म्हणून पुढचा मजकूर त्यांच्यासाठीही आहे.*

*दादा, बाईंचा पाय घसरला नव्हता. शिंके टांगायला मी स्टूल घेतले आणि त्यांच्या वाटेत विसरलो. त्यांनी मला गप्प राहायला सांगितले, कारण माझी परीक्षा होती. मी गप्प राहिलो, कारण मलाही परीक्षा हवी होती. त्यांच्या दिव्याखाली बसून मी अभ्यास करत असताना त्या तिकडे परक्या भिंती चाचपत असतील, हे मला रोज कळत होते.*

*तुम्ही सांगाल तर मी उद्या हे घर सोडीन. पण तुमची अट बाईंनी मोडलेली नाही. ती माझ्या हातून मोडली. त्यांना परत घरी यायचे आहे का, हे एकदा त्यांना विचारा.*

*एक विनंती आहे. बाईंना काही वाचून दाखवले की त्या लगेच बोलत नाहीत. मजकूर संपला म्हणून उठून जाऊ नका. थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा.*

*आपला आज्ञाधारक,*
*कारभारी*