ओरानी मावशीची इर्जिक

आमची शेजारीण ओरानी मावशी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. नवऱ्याचं ऐकलं नाही, पाद्र्याचं ऐकलं नाही, तिथे केळीच्या कंपनीची काय कथा! हैतीच्या उत्तरेकडच्या आमच्या मैदानात वस्तीवस्तीला एक शंख असतो. इर्जिक घालायची तर ज्याचं शेत, त्यानं आपल्या बांधावर उभं राहून शंख फुंकायचा. सगळे कुदळी घेऊन येतात आणि तो त्यांना पोटभर जेवू घालतो. आमच्या वस्तीचा शंख मावशीकडे असतो.

कंपनीचा फिलिबेर साहेब राजधानीतून आला. रंगानं आमच्यासारखाच, तोरा मात्र मळेवाल्याचा. सरकारनं म्हणे नदीकाठ कंपनीला देऊन टाकला. आमच्या जमिनी गेल्या, नांगरूनही झाल्या. राहिला फक्त मावशीचा तुकडा. तिथे तिची आई पुरलेली आहे, आणि मावशी हटायला तयार नव्हती.

साहेबाला जुन्या साखरेच्या घाण्याच्या पडक्या भिंतींत एक घंटा सापडली. घासूनपुसून त्यानं ती आंब्याला टांगली आणि पहाटे ठणाठणा बडवली. चिटपाखरू फिरकलं नाही! कंपनीच्या कामाला नाव दिलेलेसुद्धा घरात बसून राहिले. अहो, असल्याच घंटेवर गोरे मळेवाले आमच्या गुलाम खापरपणज्यांना फटके मारून उसात हाकलायचे. त्यांनी ऊस जाळला, घाणे जाळले, गोऱ्यांना पिटाळलं आणि देश मोकळा केला. त्यानंतर आमचेच राजे झाले, सेनापती झाले, अमेरिकेचे शिपाई येऊन गेले. ज्यानं त्यानं आम्हाला पुन्हा मळ्यात जुंपायला पाहिलं. दोनशे वर्षं झाली, आम्ही उपाशी राहू, पण घंटेला ओ देणार नाही. आणि हा दीडशहाणा तीच बडवतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब मावशीच्या दारात आला. "मावशी, लोक तुमच्या शंखाला येतात ना? मग उद्या तुम्ही फुंका. नाही फुंकलात, तर ट्रॅक्टर थेट तुमच्या आईच्या थडग्यावरून जाईल."

"फुंकते की," मावशी म्हणाली.

तो गेल्यावर मी तिच्यावर उखडलेच. "मावशे, लाज नाही वाटत? त्या मेल्यासाठी शंख?"

"तू गप गं. तुझं मोठं पातेलं घेऊन ये, आणि घेवडा भिजत घाल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

सकाळी मावशी स्वतःच्या बांधावर उभी राहिली आणि गाल फुगवून तिनं शंख फुंकला. सगळी वस्ती लोटली. ढोल सुरू झाला, आणि त्या ठेक्यावर मावशीच्या शेतात रताळ्याचे वेल लागत गेले. तिचं शेत संपलं तरी कुदळी थांबेनात. आमच्याच नांगरलेल्या जमिनी पुढे पडल्या होत्या, आम्ही नदीपर्यंत लावत सुटलो.

साहेब धापा टाकत आला. "हे काय चाललंय? इथे केळी लावायचीत!"

"तुम्हीच म्हणालात, शंख फुंका," मावशी म्हणाली. "ज्याच्या बांधावर शंख, त्याचं शेत. एवढंही ठाऊक नाही? कुणाचं लेकरू हो तुम्ही?"

हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. साहेबाचा पारा चढला. "अँतेनोर! कुठे मेलाय तो? ट्रॅक्टर काढ!"

ट्रॅक्टरवाला अँतेनोर आमच्याच ओळीत होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. त्यानं मानही वर केली नाही. "आज जमायचं नाही साहेब. आज मी इथे जेवायला आहे."

मग साहेब पळत गेला आणि स्वतःच घंटा बडवायला लागला. आम्ही ढोल वाढवला. मक्याच्या कण्या, घेवड्याचं कालवण, खारा मासा असं पान वाढून मावशी त्याच्यापुढे उभी राहिली. "या, जेवून घ्या. आमच्या इर्जिकीतून कुणी उपाशी जात नाही. पण आधी तो घंटेचा दोर सोडा."

त्यानं दोर काही सोडला नाही. तो वाजवत राहिला आणि आम्ही जेवलो.

रताळी निघाली तेव्हा पहिली टोपली मावशीनं आईच्या थडग्यावर ठेवली. कंपनीला ट्रॅक्टरवर बसणारा माणूस आमच्या मैदानात अजून मिळालेला नाही.