गाडी असून सायकल

आयुष्यात माझा एकदाच सत्कार झालाय, आणि तोही सायकल चालवल्याबद्दल. अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, मराठी मंडळाच्या संक्रांतीला. अध्यक्षांनी अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना तो विनय वाटला.

मी सायकल का चालवतो ते त्या हॉलमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको. मला फिट आली होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, रविवारी सकाळी, पोह्यांची बशी हातात असताना. मला त्यातलं काही आठवत नाही. बायकोला सगळं आठवतं, दाताखाली फाटलेली माझी जीभसुद्धा. लग्न होऊन अमेरिकेत आल्याला तिला महिनाही झाला नव्हता, आणि अँब्युलन्स बोलवायचं काम तिच्या वाट्याला आलं. फोनवरची बाई पत्ता विचारत होती आणि हिला अपार्टमेंटचा नंबर आठवेना. शेवटी फोन हातात धरून ती दाराबाहेर पळाली आणि दारावरचा आकडा वाचून दाखवला. हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, गाडी चालवायची नाही. सहा महिने एकही फिट न येता गेले तर लायसन्स परत. मधे एक जरी आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सायकलबद्दल मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते.

सहा महिने म्हणजे एप्रिल. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रॅमर होतो. ऑफिस सायकलच्या टप्प्यात होतं, पण मे महिन्यात आमची अख्खी टीम दुसऱ्या इमारतीत हलणार होती, आणि तिथे फ्रीवेवरून गेल्याशिवाय पोचायची सोय नव्हती. बस नाही, ट्रेन नाही. मोटारी बनवणाऱ्यांच्या मुलखात मोटार नसलेल्या माणसाचा विचार कोण करणार? शिवाय मार्केट झोपलेलं होतं. प्रोजेक्ट हातचा गेला की दुसरा मिळत नव्हता, आणि नोकरी गेली की व्हिसाही गेला. तेव्हा एप्रिलमध्ये लायसन्स हवं होतं. तोवर फिट येऊ न देता आणि कुणाला कळू न देता हिवाळा काढायचा होता.

कळू का द्यायचं नाही, तर आईचा हुकूम. नागपूरहून फोनवर ती आधी रडली, मग डोळे पुसून व्यवहारावर आली. "हे पाय, कोणापाशी बोलू नको. तुझ्या बहिणीचं जमवून राहिलो आम्ही. घरात फिट आहे म्हटल्यावर कोण पुढे येईल?"

"आई, इथलं तिकडे कुणाला कळणार आहे?"

"तिकडचेच लोक आधी इकडे फोन करतात," आई म्हणाली. मी चिडलो, पण तिचं बरोबर होतं. ट्रॉयमध्ये कुणी शिंकलं तर संध्याकाळपर्यंत नागपुरात धरमपेठेत कळत असे.

बायको गाडी शिकली असती तर प्रश्नच मिटला असता. पण शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला माणूस बसावा लागतो, आणि घरातलं एकुलतं एक लायसन्स माझं, तेही बंद पडलेलं. मंडळातल्या कुणाला शिकवा म्हणावं, तर "तुम्ही का नाही शिकवत?" हा प्रश्न ठरलेला. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर लावला, तर तो दुसऱ्याच दिवशी आजारी पडला आणि त्यानंतर बर्फ सुरू झाला. बर्फात शिकायला ती तयार होईना. तिला दोष कसा देणार? तिने बर्फ पहिल्यांदाच पाहिला होता.

सायकल मी एका गराज सेलमधून आणली. जुनी, जाड टायरांची. पहिल्याच आठवड्यात इंडियन ग्रोसरीच्या दुकानासमोर मंडळाच्या अध्यक्षांनी मला पकडलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. ते फार आधी आलेल्या पिढीतले इंजिनीअर. मनाने चांगले, पण गप्प बसणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता.

"अरे, गाडी काय झाली?"

"गाडी आहे ना काका." माझ्या तोंडाला येईल ते मी बोलून गेलो. "संकल्प केलाय. हा अख्खा हिवाळा गाडीला हात लावायचा नाही. सगळं सायकलवर."

दुसरा कुठला माणूस असता तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. पण आपल्या लोकांना संकल्पापुढे काही सुचत नाही. तब्येतीसाठी म्हटलं असतं तर काकांनी रोज सकाळी राइड देऊ केली असती. संकल्प म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. संकल्पात मोडता घालणं म्हणजे पाप. तेव्हापासून मला कुणी गाडीत बस म्हणेना. बर्फ पडत असताना ओळखीच्या गाड्या शेजारून जायच्या, हॉर्न वाजवायच्या, आतून अंगठा वर व्हायचा. मी हात हलवायचो आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

बर्फात सायकल चालवणं ही मर्दुमकी वगैरे नाही, तो नुसता छळ आहे. ताजा बर्फ बरा, तो निदान दिसतो. दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठतो, तो दिसत नाही. रस्ता ओला वाटतो आणि चाक खालून निघून जातं. स्नोप्लाऊवाले रस्ता साफ करतात म्हणजे रस्त्यावरचा बर्फ उचलून फुटपाथवर टाकतात. मग फुटपाथवर कमरेएवढा ढीग, रस्त्यावर ट्रक, आणि मधे मी. पायमोज्यांवर ब्रेडच्या प्लॅस्टिक पिशव्या चढवून मग बूट. डोक्याला आईने पाठवलेली माकडटोपी. तोंडाची वाफ चष्म्यावर जायची आणि तिथेच गोठायची, म्हणून चष्मा खिशात. म्हणजे मुळात बर्फ न दिसणारा रस्ता, त्यात मी आंधळा. रोज एकदा तरी पडायचो. पडलो की तिथल्या तिथे स्वतःला विचारायचो, आज वार कोणता, बायकोच्या माहेरचं आडनाव काय. उत्तर आलं की उठायचं. उत्तर आलं म्हणजे नुसता घसरलोय.

एकदा सायकलचं कुलूपच गोठलं. बायको तत्परतेने चहाच्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन आली आणि कुलपावर ओतलं. कुलूप उघडलं. आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या दिवशी ते सगळं पाणी आत गोठून कुलपाचा दगड झालेला, ब्रेकच्या तारासुद्धा जाम, आणि पायरीवर सांडलेल्या पाण्यावरून खालचा म्हातारा शेजारी घसरता घसरता वाचला. तो आम्हाला जे बोलला ते बायकोला कळलं नाही. मला कळलं, पण त्याचं चूक नव्हतं. त्या दिवशी मी चालत ऑफिसला गेलो.

शनिवारी बॅटरी उतरू नये म्हणून आम्ही गाडीवरचा बर्फ झाडून ती चालू करून ठेवायचो. हीटर लावायचो. बायको थर्मासमधून चहा आणायची आणि आम्ही दोघं पार्किंगमध्ये, जागच्या जागी, गाडीत बसून तो प्यायचो. समोर दुसऱ्या गाड्यांचे बर्फाने भरलेले बॉनेट. "कुठे जायचं?" मी विचारायचो. ती कधी नायगारा म्हणायची, कधी शिकागो, कधी सीताबर्डी. नंतर नंतर ती काही म्हणेनाशी झाली. चहा संपला की मी किल्ली फिरवायचो आणि आम्ही वर जायचो.

गोळ्यांनी डोकं जड असायचं आणि मी उगाच खेकसायचो. पण दिवस जात होते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, फिट आली नाही. मला थोडी आशा वाटायला लागली होती, हे कबूल करतो. मग तो सत्कार झाला.

काकांनी लांबलचक भाषण केलं. "गाडी असून सायकल!" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शेवटी पोरंही त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. तरुण पिढी, पर्यावरण, मराठी माणसाची जिद्द, सगळं त्यात आलं. मग मला बोलायला सांगितलं. मी माइकसमोर उभा राहिलो आणि क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. पहिल्या रांगेत बायकोने माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली. नाही. मी म्हणालो, "तिळगूळ घ्या, गोड बोला," आणि खाली उतरलो. लोकांना तेही आवडलं. एका कोवळ्या प्रोग्रॅमरने येऊन टायरात हवा किती ठेवता विचारलं. घरी आल्यावर बायको शाल घडी घालता घालता हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला गप्प करायला गेलो नाही. मलाही तेच करायचं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. रोजच्यासारखा निघालो. ऑफिसच्या अलीकडच्या चौकातला सिग्नल ओलांडल्याचं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते आकाश. मी फुटपाथच्या कडेला उताणा पडलो होतो. एक जाडजूड कोट घातलेली बाई माझ्यावर वाकली होती. तिची गाडी दिवे लुकलुकत मागे उभी होती.

"हनी, आर यू ओके? कॅन यू हिअर मी?"

मी वार कोणता ते आठवायला लागलो. सापडेना. आडनाव सापडेना. त्या बाईने माझा हात धरला होता आणि मला तिला काहीतरी विचारायचं होतं, पण इंग्रजी शब्द येत नव्हते, मराठीही येत नव्हते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हळूहळू गुरुवार आला. आडनाव आलं. मी विचारलं, "डिड यू सी मी फॉल?"

"नो, स्वीटी. तू असाच पडलेला दिसलास." असंच काहीतरी ती म्हणाली. "इट्स द आइस. एव्हरीबडी इज फॉलिंग."

मी तो शब्द घट्ट धरला. आइस. अर्थात. रोज पडतो तसाच पडलो, जरा डोक्याला मार बसला, म्हणून सुचेना. ती अँब्युलन्स बोलवू म्हणाली. मी हातापाया पडून तिला नको म्हटलं. ती गेल्यावर मी सायकल उचलली आणि खाली बघितलं.

तिथे बर्फ नव्हता. ती एका दाताच्या दवाखान्यासमोरची जागा होती. दवाखान्यातल्या कुणीतरी सकाळी उठून फुटपाथ खरवडून काढला होता, पुन्हा बर्फ धरू नये म्हणून वर मीठ टाकलं होतं. कोरडं, पांढरट, स्वच्छ सिमेंट. मी पुढे गेलो, मागे आलो. बुटाच्या टाचेने घासून पाहिलं. गुडघ्यावर बसून हातमोजा काढला आणि उघड्या हाताने चाचपलं. चार महिने ज्या बर्फाला मी शिव्या घातल्या, त्याचा एक तळहाताएवढा तुकडा मला हवा होता. पुढे होता, मागे होता. मी पडलो तिथे नव्हता. तोंडात रक्ताची चव येत होती. जिभेची कड दाताखाली सापडून फाटली होती.

ऑफिसमध्ये उशिरा पोचलो. बर्फावरून घसरलो म्हणालो. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, कुणीतरी कॉफी आणून दिली. संध्याकाळी घरी बायकोने दार उघडलं आणि माझ्या कपाळाकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"घसरलो," मी म्हणालो. "बर्फावरून."

"नुसते घसरलात ना?" तिने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. तेव्हा ती सोफ्यावर बसली, मग उठून स्वयंपाकघरातल्या शेल्फवरच्या आमच्या देवांपुढे साखर ठेवायला गेली. वाटीत साखर घेताना ती गुणगुणत होती. गेल्या चार महिन्यांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. दोन महिने उरले होते. गप्प बसलो असतो तर एप्रिल आला असता. डॉक्टरांना कळलं नसतं, आईला कळलं नसतं. लायसन्स मिळालं असतं, मेमध्ये मी फ्रीवेवर गाडी घातली असती आणि शेजारच्या सीटवर ही बसली असती.

"अगं," मी म्हणालो, "तिथे बर्फ नव्हता."

तिची पाठ माझ्याकडे होती. गुणगुणणं थांबलं.

"म्हणजे आता ऑगस्ट," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. मग तिने साखर देवांपुढे ठेवली, हात जोडले आणि मला तोंड उघडून जीभ दाखवायला सांगितलं.