नावडतीला हुंकार

वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणीला साळूबाई असल्या, की बायका आपणहून यायच्या. साळूबाई ओणव्यानंच गोष्ट सांगायच्या आणि चिखलात रोप खोचता खोचता बाकीच्या "हूं" म्हणायच्या. हुंकार थांबला की गोष्ट थांबे. आणि खाचरात अर्धी राहिलेली गोष्ट रोपाला बाधते, अशी तिथली पक्की समजूत.

गोष्ट बहुधा एकच. नावडती राणी गोठ्यात राहते, सगळं निमूट सोसते, शेवटी राजा येऊन तिला पालखीतून नेतो. इतकी वर्षं राजा काय करत होता, हे कुणी विचारत नसे. साळूबाईंना नवऱ्यानं टाकलं तेव्हा त्या अठराच्या होत्या. त्या शेवटाच्या भरवशावर त्यांनी भावाच्या घरी बावीस वर्षं काढली. नवऱ्यानं दुसरी केली, तिला चार पोरं झाली. पालखी काही आली नाही.

अडुसष्ट सालच्या लावणीत त्यांची भाची अंजना शेजारीच होती. शिवऱ्याला सासरी तिच्या हातावर तापलेलं उलथनं ठेवलं होतं. डाग अजून ओला होता. तरी उद्याच्या एसटीनं तिचा बाप, साळूबाईंचा भाऊ सर्जेराव, तिला परत पोचवणार होता. मागल्या खेपेला तर साळूबाईंनीच तिची समजूत घालून पाठवली होती, हीच गोष्ट सांगून. ते त्यांच्या जिवाला खात होतं.

"राजा गोठ्याच्या दाराशी आला," साळूबाई म्हणाल्या.

"हूं."

"म्हनला, चल. राणी म्हनली, म्या न्हाई येत."

हुंकार आला नाही. सगळे हात थबकले. बांधावरून सर्जेराव ओरडला, "आक्का, गोष्ट हाय तशी सांग!"

"हाय तशीच सांगतेय. आजवर खोटी सांगत व्हते."

कुणी मान वर करेना. संपलं, पोरगी उद्या जाणार, असं वाटून साळूबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात अंजनाची आई बनाबाई ताठ उभी राहिली. वीस वर्षांत नवऱ्यापुढं तिनं तोंड उघडलं नव्हतं. त्याच्याकडं सरळ बघत ती म्हणाली, "हूं."

मग दुसरीनं म्हटलं, मग सगळ्यांनी. या बायका उठून गेल्या तर आपल्या खाचराची लावण अडणार, हे सर्जेरावाला कळत होतं. तो बांधावरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एसटी गेली तेव्हा अंजना खाचरातच होती.

"आत्या, मग राणी कुठं गेली?" तिनं विचारलं.

साळूबाईंनी खूप आठवून पाहिलं. पुढची गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

"ते तू सांग," त्या म्हणाल्या. "आमी हूं म्हनतो."