शंकांचा कागद

निवृत्त झाल्यावर माणसाने परसात भाजीपाला लावावा. मी बायबल वाचायला घेतलं, आणि तेही पहिल्या पानापासून.

आम्ही पिढीजात कॅथलिक. लहानपणी धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरं मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. पण त्या पुस्तिकेत प्रश्नही छापलेले आणि उत्तरंही छापलेली. आपला एखादा प्रश्न विचारायची सोय नव्हती. दोन हजार सातमध्ये गोंदियाच्या रेल्वे मालधक्क्यावरून निवृत्त झालो आणि सगळे तुंबलेले प्रश्न एकदम आले. बायबल संपवलं, मग वाचनालयातून चर्चचा इतिहास आणला, मग बुद्ध, मग चक्क नास्तिकांची पुस्तकं. स्वस्थता गेली. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरात अंगणातून मागच्या दारी आणि मागच्या दारातून अंगणात, दिवसभर माझ्या येरझाऱ्या. बायको सिसिलिया विचारायची, गुडघे दुखून राहिले काय? मी हो म्हणायचो (गुडघे बिचारे ठणठणीत होते). खरं सांगायची छाती नव्हती. ती चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष! शेवटी मी शंका वहीच्या कागदावर उतरवल्या. एकूण सात. नोकरीची सवय म्हणून क्रमांकही घातले.

आता मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एक भाग असतो. एक जण पुढे उभा राहून निवेदनं, म्हणजे देवाकडच्या मागण्या, वाचतो, आजाऱ्यांसाठी, पावसापाण्यासाठी, आणि प्रत्येकामागून सगळे म्हणतात, ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.’ त्या रविवारी वाचायची पाळी सिसिलियाची होती. माझं अक्षर बरं म्हणून निवेदनं मीच लिहून दिली. त्याच वहीतला कागद, तीच शाई, तशीच चौघडी, आणि ठेवला टेबलावर, त्या शंकांच्या कागदाशेजारीच. निघताना तिने हाताला लागला तो उचलला.

चर्चमध्ये तिने कागद उघडला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, तर आपण मागायचं कशाला?”

“हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक,” सगळे म्हणाले. सवयीने.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी बाकावरून हाताने थांब थांब अशी खूण केली. तिला वाटलं, मागे ऐकू येत नाही. तिने आवाज चढवला.

“दरेकशाच्या जंगलात ज्याने येशूचं नावही ऐकलं नाही, तो भला माणूस नरकात का जावा?”

“हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” या खेपेला आवाज जरा पातळ होता. दोघं-तिघं माना वळवून एकमेकांकडे पाहत होते.

तिसऱ्या ओळीवर सिसिलिया अडखळली. “बाप्तिस्म्याआधी गेलेलं लेकरू...”

आमची पहिली मुलगी दोन दिवसांची होऊन गेली. बाप्तिस्मा द्यायचे ते तेव्हाचे फादर देवरीला गेले होते; ते येईपर्यंत ती राहिली नाही. आणि बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग नाही, असं आम्ही लहानपणापासून पाठ केलेलं. सिसिलियाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. मग तिने तीच ओळ पहिल्यापासून, सावकाश वाचली. “बाप्तिस्म्याआधी गेलेलं लेकरू आता कुठे आहे?” लोक हळूच म्हणाले, ऐक. ती कागदाची घडी करून खाली उतरली. चार शंका राहूनच गेल्या.

मिस्सा संपल्यावर आम्ही स्कूटरवरून कुडव्याला आलो. फाटकाशी उतरून सिसिलिया म्हणाली, “हे मले काऊन नाही विचारलं? तीस वर्षं झाली, मी बी तेच घेऊन फिरून राहिली.”

आम्ही पायरीवर बसलो आणि पहिल्यांदाच त्या पोरीबद्दल बोललो, खूप वेळ. आत भात करपला.

संध्याकाळी आताचे फादर घरी आले. छत्तीसगडकडचा तरुण माणूस. आता आपलं नाव चर्चच्या वहीतून कटणार, या तयारीने मी पुढे बसलो. चहा संपवून ते म्हणाले, “अंकल, तीन साल में पहली बार लोगों ने निवेदन ध्यान से सुने. अब से हर रविवार आप ही लिखिए.”

मी म्हणालो, फादर, माझा विश्वासच डळमळला आहे. ते म्हणाले, चलेगा, अक्षर अच्छा है. मी तोंड उघडेपर्यंत सिसिलियाने माझ्या वतीने होकार देऊनही टाकला होता.

श्रद्धा शाबूत होती तेव्हा महिन्यातले दोन रविवार मी सर्दीच्या नावाखाली घरी लोळायचो. आता शंकेखोर झाल्यापासून सकाळी साडेसातला, चर्चचं कुलूप उघडायच्याही आधी, फाटकाशी उभा असतो.