गटारावरची रेघ

मतदानाच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी सुमनताई आणि रझियाभाभी थांबलेल्या दिसल्या. समोरासमोर राहणाऱ्या या दोघी आजवर एकाच शाळेत, एकाच रांगेत मत द्यायच्या. यंदा मतदारसंघांची फेररचना झाली आणि नवी हद्द आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारावरून गेली. आता दोघींचे मतदारसंघ वेगळे, शाळाही वेगळ्या.

"लवकर या हं भाभी, चहा टाकते," सुमनताई म्हणाल्या आणि लंगडत डावीकडे वळल्या. भाभी उजवीकडे गेल्या.

सुमनताईंचा पाय त्या गटारातच मुरगळला होता. वरची फरशी खचून महिने झाले. प्रचाराला आलेल्या दोन्हीकडच्या उमेदवारांना मी ती दाखवली. दोघांनीही हात जोडून सांगितलं, "काका, ते पलीकडच्यांचं काम." नकाशावर माणसांची संख्या बरोबर जुळली असणार. माणसं कुणाच्या हिशेबात होती, कोण जाणे.

दुपारी दोघी परतल्या. भाभींनी हात धरून सुमनताईंना गटारावरच्या फळीवरून त्यांच्या घराच्या बाजूला आणलं. ती फळी त्या दोघींनीच टाकलेली.

आमच्या गल्लीला आता दोन आमदार मिळतील. फळी एकच आहे, आणि तीही कुजत चालली आहे.