बुचकाकांचं लाकडी कॉकपिट

खुर्चीत बसण्याआधी ते तिच्या पाठीवर बोटाने टकटक करत. लाकूड भरीव आहे की पोकळ, ते ऐकत. चष्मा कपाळावर असे, पेन्सिल कानावर असे, आणि दोन्ही शोधत ते घरभर फिरत. चहा हातात धरून बसत आणि पार निवला की एका दमात संपवत. कुणाकडे गेले की दार दोनदा उघडून मिटून बघत, आणि बिजागरी कुरकुरली तर यजमानाकडे अशा नजरेने बघत की तो ओशाळावा. रस्त्याने चालताना उजवा खांदा जरा पुढे. रंधा मारून मारून तसा झाला, असं बायको सांगे. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत आणि पहिल्या पानापर्यंत सहसा पोचत नसत.

सगळे त्यांना बुचकाका म्हणत. सैन्याच्या वैमानिक शाळेत ते एकतीस वर्षं सुतार होते.

त्या शाळेत मुलं पहिल्यांदा ज्या विमानात बसत ते लहानसं होतं. पुढेमागे दोन खुर्च्या, नाकावर प्रोपेलर. पण प्रोपेलर फिरवणारं इंजिन जेटच्या जातीचं, त्यामुळे आवाज शिट्टीसारखा. मुलांनी त्याचं नाव मास्तरीण ठेवलं होतं. चुकलं की ओरडते, पण सहसा मारत नाही, म्हणून.

मास्तरणीच्या आधी मात्र बुचकाकांशी गाठ पडे. हँगरच्या मागच्या लांबट खोलीत त्यांनी त्या विमानाचं कॉकपिट लाकडात उभं केलं होतं. मापं हुबेहूब. घड्याळांच्या जागी रंगवलेल्या चकत्या. स्विच मात्र खरे, मोडीत निघालेल्या विमानांतून काढलेले. मुलाने आत बसायचं, डोळ्यांवर काळी पट्टी बांधायची. बाहेरून कुणीतरी एकेका स्विचचं नाव घ्यायचं आणि त्याने हाताने ते गाठायचं. शंभरात शंभर आल्याशिवाय उड्डाण नाही. दिवे गेले, धूर झाला, डोकं चालेनासं झालं, तरी हात चालला पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार.

आता विमान काही जन्मभर एकाच रूपात राहत नाही. दुसऱ्याच वर्षी रेडिओ बदलला. पाचव्या वर्षी खुर्च्या बदलल्या, संकटात वैमानिकासकट बाहेर फेकल्या जाणाऱ्या नव्या खुर्च्या आल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे विमान स्वस्त आहे, खाली हळू उडतं, तासन्‌तास वर राहतं, तर यानं लढायलाही हरकत नाही. बाराव्या वर्षी पंखांखाली बंदुका आणि रॉकेटं लटकली. मास्तरणीच्या हातात छडी दिली, असं शिक्षक म्हणाले. छडी कसली, कोयता दिलाय, असं बुचकाका म्हणाले.

विमानात काही हललं की लाकडातही हलवायचं. हुकमाचा कागद येई. नव्या जागी गिरमिटाने भोक पाडायचं, स्विच तिकडे न्यायचा, जुन्या भोकात लाकडाचं गोल बूच सरस लावून ठोकायचं, घासायचं, रंगवायचं. त्यावरून त्यांचं नाव पडलं. मास्तरणीच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी एकोणचाळीस बुचं झाली. शेवटची काही त्यांच्या हाताखालच्या माणसाने ठोकली होती, आणि ती जरा तिरपी आहेत हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

ते निवृत्त झाल्यावर सात वर्षांनी मास्तरीणही निवृत्त झाली. जुन्या हँगरमध्ये तिचं छोटं संग्रहालय करायचं ठरलं. समितीने बुचकाकांना बोलावलं. लाकडी कॉकपिट पहिल्या रूपात हवं होतं, बंदुका येण्याआधीच्या. म्हणजे बुचं काढायची आणि प्रत्येक स्विच आपल्या मूळ जागी न्यायचा.

त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी बसे. साहित्याची पदवीधर, फलकांवरचा मजकूर लिहायला चार महिन्यांसाठी घेतलेली. प्रोपेलरला पंखा म्हणणारी. ती लिहून वाचून दाखवी आणि बुचकाका पटाशी चालवता चालवता तिच्या वाक्यांचे तुकडे पाडत. ‘गगनाला गवसणी’ त्यांनी पहिल्याच दिवशी काढायला लावलं. गवसणी तंबोऱ्याला घालतात, मास्तरीण नाक वर करून कण्हत चढायची, ते लिही म्हणाले. तिला राग आला. मग तिने ते लिहिलं, आणि ते बरं झालं. महिन्याभरात दोघांचं असं जमलं की डबाही एकत्र उघडू लागले.

सहावा फलक अपघातांचा होता. तिने वाचलं. छत्तीस वर्षांत शाळेत एकच प्राणघातक अपघात झाला. कारण, प्रशिक्षणार्थी वैमानिकाची चूक.

बुचकाकांनी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. मग हत्यारं पेटीत भरली आणि घरी गेले. तीन दिवस आले नाहीत.

त्या मुलाला लंबू म्हणत. त्याचे गुडघे कॉकपिटमध्ये मावत नसत. बंदुकांच्या स्विचांची पाटी डाव्या बाजूला बसवायची म्हणून तिथला इंधनाच्या राखीव पंपाचा स्विच विमानात उजवीकडे नेला, तो काळ. तो स्विच रोज लागत नाही. लागतो तेव्हा हातात पाच सेकंद असतात. हुकमाचा कागद सोमवारी बुचकाकांच्या टेबलावर आला. त्या वर्षी असे कागद उठसूट येत होते. आणखी एक येणार असल्याचं त्यांच्या कानावर होतं. त्यांनी विचार केला, पाटी दोनदा कशाला खोला, दोन्ही भोकं एकदमच पाडू. दुसरा कागद आठ दिवसांनी आला.

त्या आठ दिवसांत लंबू रोज संध्याकाळी यायचा. वर्ग सुटल्यावर जादा सराव. डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायचा आणि काकांना नावं घ्यायला सांगायचा. काका रंधा मारत नावं घेत. राखीव पंप म्हटलं की त्याचा डावा हात खाडकन जायचा. काका शाबास म्हणायचे. शनिवारी परीक्षा झाली, शंभरात शंभर. स्विच हलल्याचं शिक्षकांनी फळ्यावर लिहून सांगितलं होतं. लंबूच्या डोक्याला ते माहीत होतं. हाताला नव्हतं.

मंगळवारी काकांनी दोन्ही भोकं पाडली. शुक्रवारी लंबू एकटा उडाला. चढताना इंजिन खोकलं. विमान सापडलं तेव्हा बंदुकांचा स्विच चालू होता आणि पंपाचा बंद.

चौकशीला आलेले लोक लाकडी कॉकपिट बघून गेले. विमानासारखंच आहे ना, एवढं त्यांनी विचारलं. तसंच होतं. कधीपासून, ते कुणी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. सव्वीस वर्षं सांगितलं नाही.

घरी बसलेल्या तीन दिवसांत त्यांनी प्रथम बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटची घडी तिने ढिगावर ठेवली.

“मला वाटायचं, कुणी बाई आहे,” ती म्हणाली. “एवढा गप्प माणूस बाईपायीच होतो.”

“बाई परवडली असती,” काका म्हणाले.

“अहो, मग सांगून टाका की. कधीचे असे घरात असून नसल्यासारखे वागताय.”

ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे लंबूचे शिक्षक. तेही कधीचे निवृत्त झाले होते, आणि फलकांचा मजकूर तपासायचं काम त्यांच्याकडेच होतं. दोघं रोज संध्याकाळी फिरायला जात आणि एकमेकांचे गुडघे किती वाजतात त्यावर पैजा लावत. त्या दिवशी फिरणं झालं नाही. साहेबांच्या व्हरांड्यात बसले.

“लंबूची ओळ तुम्ही तपासलीत?” काकांनी विचारलं.

“तपासली. अहवालात आहे तशीच आहे.”

“चूक त्याची नव्हती. लाकूड आठ दिवस जुनं होतं. मी बदललं नव्हतं.”

साहेबांनी मान हलवली नाही. “शनिवारची परीक्षा मी घेतली,” ते म्हणाले. “त्याचा हात डावीकडे गेला आणि मी बरोबरची खूण केली. स्विच हललाय हे मीच फळ्यावर लिहिलं होतं, बुच. माझाही हात जुनाच होता.”

 सव्वीस वर्षं दोघं एकाच रस्त्याने फिरत होते.

“मग बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललास?” साहेब म्हणाले. “त्याचे आईबाप गेले. आता कुणासाठी उकरतोस?”

“बहीण आहे. उद्‌घाटनाला येणार आहे. ती समोर उभी राहून वाचेल.”

“आणि विचारेल, इतकी वर्षं होतात कुठे.”

“विचारू दे.”

“थकलोय रे मी.”

“मीही थकलोय. म्हणून तर.”

चौथ्या दिवशी काका खोलीत आले आणि त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. उभ्याने सांगितलं, जसं कुणी मापं सांगावीत. तिने लिहून घेतलं, वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी एकही शब्द काढायला लावला नाही. खाली सही केली. दोन दिवसांनी साहेब आले, कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि काकांच्या सहीखाली आपली केली. ती जराशी काकांच्या सहीवर चढली. उतरायला जागा द्या की, असं काका म्हणाले. साहेब हसले. दोघंही बऱ्याच दिवसांनी हसले असावेत.

समितीने कागद ठेवून घेतला. पहिली बैठक पुढे ढकलली. दुसरीत विषय निघाला नाही. तिसरीत असं ठरलं की मूळ अहवाल आपल्याला बदलता येत नाही, तेव्हा ‘मानवी कारणामुळे’ असं मोघम लिहावं. मुलगी तो निरोप घेऊन आली. काकांनी मान हलवली. मोघम नको म्हणाले. चूक कुणाची ते लिहा, नाहीतर त्याची नव्हती एवढं तरी लिहा. चौथी बैठक महिनाअखेरीस ठरली.

तोवर त्यांचं काम संपत आलं होतं. अडतीस बुचं निघाली होती, अडतीस स्विच आपापल्या पहिल्या जागी गेले होते. उरला होता राखीव पंपाचा. डावीकडचं जुनं बूच त्यांनी काढलं, भोक साफ केलं, कड पॉलिशपेपरने घासली. स्विच उजवीकडेच ठेवला. ओळ बदलली की बसवतो, म्हणाले. तोवर ते हत्यारांना तेल देत, कॉकपिटच्या कडांवरून हात फिरवत, आणि बराच वेळ नुसते बसत.

समितीकडून विचारणा झाली. मुलीलाही आता धीर धरवत नव्हता. फलक छापायला द्यायचे होते.

“काका, दहा मिनिटांचं काम आहे,” ती म्हणाली.

“तेव्हाही दहा मिनिटांचंच होतं,” काका म्हणाले.

 त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

महिनाअखेरीच्या आदल्या गुरुवारी जेवण झाल्यावर ते घरी आडवे झाले आणि उठले नाहीत. बायको उठवायला गेली तेव्हा तिला कळलं. मुलीला तिचाच फोन आला. मुलगी तेव्हा सातव्या फलकातला एक स्वल्पविराम काढत होती. बरं, एवढंच ती म्हणाली. फोन ठेवला. स्वल्पविराम पुन्हा घातला. मग बराच वेळ तिला कळेना की आता काय करायचं असतं.

चौथी बैठक दुखवट्यामुळे पुढे गेली. साहेब आता एकटेच फिरायला जातात, अर्ध्या रस्त्यावरून परत येतात. सहाव्या फलकाची ती ओळ अजून ठरलेली नाही. उद्‌घाटनाला नऊ दिवस आहेत.

समितीने दुसरा सुतार पाठवला. चटपटीत माणूस. त्याने डावीकडच्या भोकात बोट घालून बघितलं, उजवीकडचा स्विच बघितला. त्याचे दोन स्क्रू कुणीतरी अर्धा फेरा सैल करून ठेवले होते. पेचकस हातात घेऊन त्याने मुलीला विचारलं, करू का? ती म्हणाली, हे काम दिलेलं आहे. ज्यांना दिलंय त्यांनी अजून केलेलं नाही.